रीस्टार्टच्या वेळी प्रोग्रामला मुदत कशी मागायची, आणि मुदत नाही मिळाली तर

प्रश्न थोडक्यात असा: घाटंजी तालुक्यातल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यासाठी सी-शार्प भाषेत आणि विनफॉर्म्समध्ये (विंडोजच्या खिडक्या बनवायचं साधन) प्रोग्राम लिहिला आहे. बंद होताना तो काट्याचा सिरियल पोर्ट (ज्या जोडणीतून वजन संगणकात येतं ती) बंद करतो, दिवसभराच्या पावत्या मालकाच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर पाठवतो, डेटाबेसचा बॅकअप काढतो आणि तात्पुरत्या फाइली पुसतो. खिडकीच्या फुलीवर क्लिक केलं तर सगळं नीट होतं. संगणक रीस्टार्ट केला की मात्र काम अर्ध्यावर तुटतं. दोनदा बॅकअपची फाइल खराब निघाली, एकदा दोन गाड्यांच्या पावत्याच गेल्या. विंडोजला थांबवून कसं ठेवायचं?

थांबवता येतं, त्यासाठी रीतसर सोय आहे, ती खाली सविस्तर सांगतो. पण एक गोष्ट आधीच मनात ठेवा. विंडोजकडून मिळते ती मुदत, तो काही हक्क नाही. पडद्यासमोर बसलेला माणूस एका क्लिकमध्ये ती काढून घेऊ शकतो, आणि लाइन गेली तर कुणी विचारतही नाही. त्यामुळे मुदत मागायला शिकायचं, आणि मुदत नाही मिळाली तरी पावती जाणार नाही अशी बांधणी करायची. तुमच्या त्या दोन गाड्या माझ्या अंदाजाने मुदत कमी पडल्यामुळे गेल्या नाहीत, बांधणीमुळे गेल्या. त्या पावतीवर कुणाच्या तरी शेतातला वर्षाचा कापूस असतो, म्हणून उत्तर जरा लांब लिहितो आहे.

मी विंडोज एक्सपीच्या दिवसांपासून वर्धा-यवतमाळ पट्ट्यात जिनिंग, दालमिल आणि पतसंस्थांसाठी असे प्रोग्राम लिहीत आलो आहे. तुम्ही जे केलं आहे ते मीही पहिली काही वर्षं तसंच करत होतो.

रीस्टार्ट दाबल्यावर काय घडतं ते आधी पाहू. विंडोज प्रत्येक चालू प्रोग्रामच्या मुख्य खिडकीला एक निरोप पाठवतं, त्याचं नाव क्वेरी-एंड-सेशन. अर्थ एवढाच की सत्र संपवायचं आहे, तुझी हरकत आहे का? खिडकीने यावर लगेच हो किंवा नाही सांगायचं असतं, काम करत बसायचं नसतं. त्यानंतर दुसरा निरोप येतो, एंड-सेशन. सत्र खरंच संपत असेल तर त्यासोबत ‘खरं’ अशी खूण येते, आणि आवराआवर करायची ती तेव्हा. या निरोपांना उत्तर द्यायला सुमारे ५ सेकंद मिळतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रोग्राम अडकला आहे असं धरलं जातं आणि पडदाभर एक यादी येते: अमुक प्रोग्राम बंद होत नाही आहे. खाली दोन बटणं, तरीही रीस्टार्ट करा आणि रद्द करा.

आता रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत, फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आहे, आणि प्रिंटर अडला म्हणून काटेवाल्याने रीस्टार्ट दाबला आहे. तो कोणतं बटण दाबेल हे सांगायला नको. मला एकाने अगदी सरळपणे सांगितलं होतं, “मी तं काई नाई केलं भाऊ. थ्यानं इचारलं, तरीबी बंद करू काय? मी म्हनलं, कर बाप्पा.” त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पडद्यावर त्याला कळेल असं काहीही लिहिलेलं नव्हतं.

विनफॉर्म्समध्ये गंमत अशी की फॉर्म-क्लोजिंग ही घटना पहिल्या निरोपाच्या वेळीच घडते. म्हणजे विंडोज अजून फक्त विचारत असतं आणि तुमची चारही कामं त्या विचारण्याच्या आतच सुरू झालेली असतात, तीही खिडकीच्या मुख्य थ्रेडवर, म्हणजे खिडकी सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावर. पावत्या पाठवायला जिनिंगवर बहुतेक वेळा कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट असतो. तो सर्व्हरपर्यंत पोचेपर्यंतच ५ सेकंद निघून जातात. फुलीवर क्लिक केल्यावर सगळं व्यवस्थित होतं याचं कारण तिथे घड्याळ लावून बसलेलं कुणी नसतं.

तुम्ही कोड पाठवलेला नाही, पण दोन ठिकाणं लगेच उघडून बघा. नव्या मुलांच्या जवळपास प्रत्येक प्रोग्राममध्ये मला ती सापडतात.

पहिलं, फॉर्म-क्लोजिंगच्या पद्धतीवर ‘एसिंक व्हॉइड’ लिहिलं आहे का आणि आत ‘अवेट’ आहे का. असेल तर पहिल्या अवेटपाशी ती पद्धत परतते. विंडोजला वाटतं, याची हरकत नाही. पाठोपाठ दुसरा निरोप येतो, त्यालाही लगेच उत्तर जातं आणि प्रोग्राम संपवला जातो. अवेटच्या पुढच्या ओळी कधी चालतच नाहीत, किंवा चालता चालता तुटतात. बॅकअपची फाइल अर्धी निघते ती बहुधा इथेच. याची खूण अशी की कोणतीही चूक नोंदली जात नाही, यादीचा पडदाही येत नाही, सगळं शांतपणे बंद होतं आणि सकाळी फाइल उघडत नाही. काम लांबवायचं असेल तर अवेटच्या आधी ‘कॅन्सल’ला खरं म्हणावं लागतं, म्हणजे हरकत नोंदवावी लागते, आणि काम संपल्यावर खिडकी आपणच बंद करावी लागते.

दुसरं ठिकाण सिरियल पोर्टचं. काट्याच्या इंडिकेटरकडून, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राकडून, वजन सतत येत असतं. ते आलं की डेटा-रिसीव्ह्ड ही घटना वेगळ्या थ्रेडवर घडते आणि आकडा पडद्यावर दाखवायला बहुतेक जण ‘इन्व्होक’ वापरतात. इन्व्होक मुख्य थ्रेड मोकळा होईपर्यंत वाट बघतो. आता मुख्य थ्रेडवर तुम्ही पोर्ट बंद करायला सांगितलं, तर ‘क्लोज’ त्या चालू घटनेची वाट बघतो. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि कुणीच हलत नाही. ५ सेकंद काय, ५ तास दिले तरी हे सुटणार नाही. गाडी काट्यावर उभी असेल तर होतं, काटा बंद असेल तर होत नाही, म्हणून घरी तपासताना ते कधी दिसतही नाही. इन्व्होकच्या जागी ‘बिगिन-इन्व्होक’ वापरा, तो वाट न बघता पुढे जातो. आणि खरं म्हणजे रीस्टार्टच्या वेळी पोर्ट बंद करायची गरजच नाही. प्रोग्राम संपला की त्याचे पोर्ट, उघड्या फाइली, मेमरी, सगळं विंडोज आपणहून परत घेतं. पोर्ट बंद करायचा तो प्रोग्राम चालू असताना दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर.

आता मुदत मागायची रीत. व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये ‘शटडाउन-ब्लॉक-रीझन-क्रिएट’ नावाचं फंक्शन आहे. ते यूजर-३२ या डीएलएलमध्ये (विंडोजच्या तयार फंक्शनांच्या फाइलीत) असतं, म्हणून सी-शार्पमध्ये डीएलएल-इंपोर्ट करून घ्यावं लागतं. त्याला खिडकीचं हँडल (विंडोजने त्या खिडकीला दिलेली ओळख) आणि थांबण्याचं कारण द्यायचं. ते कारण त्या पडदाभर यादीत तुमच्या प्रोग्रामच्या नावाखाली दिसतं. काम संपलं की त्याचं जोडीदार फंक्शन, ‘शटडाउन-ब्लॉक-रीझन-डिस्ट्रॉय’, बोलवायचं. दोन्ही फंक्शनं ज्या थ्रेडने खिडकी तयार केली त्याच थ्रेडवरून बोलवावी लागतात. मागच्या कामाच्या थ्रेडवरून बोलावलंत तर परवानगी नाकारली जाते, आणि परत आलेली किंमत तुम्ही तपासत नसाल तर ते कळणारही नाही.

नुसतं कारण नोंदवून भागेल असं धरू नका. क्वेरी-एंड-सेशनला उत्तरही ‘नाही’ असंच गेलं पाहिजे, म्हणजे विनफॉर्म्समध्ये कॅन्सल खरं. दोन्ही करा. क्रम असा ठेवा: निरोप आला, न तुटण्यासारखं काम चालू आहे का ते बघितलं, असेल तर कारण नोंदवलेलं आहे याची खात्री केली आणि लगेच नाही म्हणून परतलात. काम मागच्या थ्रेडवर चालू राहतं, मुख्य थ्रेड मोकळा राहतो. काम संपलं की मुख्य थ्रेडवर येऊन कारण काढायचं आणि खिडकी बंद करायची. यादी पडद्यावर असेल तर तुमचं नाव गेल्यावर रीस्टार्ट पुढे सरकतो.

कारण नोंदवायची खरी वेळ रीस्टार्टचा निरोप आल्यावरची नाही. न तुटण्यासारखं काम सुरू करतानाच ते नोंदवावं आणि काम संपताच काढावं, हीच या फंक्शनची अपेक्षित रीत आहे. तुमच्याकडे असं काम म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन घेतल्यापासून पावती छापून बाहेर येईपर्यंतचे काही सेकंद. तेवढ्यापुरतं कारण लावा. दिवसभर लावून ठेवणारा प्रोग्रामही मी पाहिला आहे. तिथे काटेवाल्याला तो पडदा रोज दिसायचा आणि न वाचता ‘तरीही’ दाबायची सवय त्याच्या हाताला लागली. एकदा ती सवय लागली की खऱ्या अडचणीच्या दिवशी तुमचं कारण कुणी वाचत नाही.

आणि कारण मराठीत लिहा. फंक्शन युनिकोड घेतं, देवनागरी दिसते. मर्यादा २५६ अक्षरांची आहे, पण एवढं कुणी वाचत नाही. ‘डेटा सिंक्रोनायझेशन प्रगतिपथावर आहे’ असं लिहिलंत तर काटेवाल्याच्या लेखी ते नसल्यासारखंच. ‘गाडीची पावती छापत आहे, अर्धा मिनिट थांबा’ असं लिहिलं तर तो थांबतो. किती वेळ थांबायचं आणि कशासाठी, या दोनच गोष्टी त्याला हव्या असतात. एका जिनिंगवर मी फक्त हे वाक्य बदललं होतं, कोडची एक ओळही हलवली नव्हती, आणि हंगामभर अर्धवट पावतीचा फोन आला नाही.

यातलं सर्वात महत्त्वाचं कलम आता सांगतो. ते मला माझ्याच चुकीतून शिकायला मिळालं आणि आजही आठवलं की पोटात कालवतं. माझा जुना प्रोग्राम पहिल्या निरोपालाच पोर्ट बंद करायचा, तुमच्यासारखाच. एका रात्री काटेवाल्याने रीस्टार्ट दाबला. शेजारी हिशेबाची शीट जतन न करता उघडी होती, तिने हरकत घेतली, म्हणून त्याने रद्द करा दाबलं. रीस्टार्ट थांबला, सगळे प्रोग्राम होते तसे राहिले. माझाही राहिला, फक्त त्याचा पोर्ट बंद झालेला होता. पडद्यावर मागच्या गाडीचं वजन तसंच गोठून बसलं. पुढची ट्रॉली काट्यावर चढली तरी आकडा तोच. काटेवाल्याची नजर सवयीने इंडिकेटरच्या लाल आकड्यांकडे गेली आणि त्याने हात वर करून गाडी थांबवली. नाहीतर एका शेतकऱ्याच्या नावावर दुसऱ्याचं वजन चढलं असतं आणि ते कधीच कुणाला कळलं नसतं.

म्हणून पहिल्या निरोपाला प्रोग्रामची स्थिती बदलेल असं काहीही करायचं नाही. फक्त हो किंवा नाही. आवराआवर दुसऱ्या निरोपावर, आणि तीही सोबतची खूण ‘खरं’ असेल तरच. खूण ‘खोटं’ आली म्हणजे रीस्टार्ट रद्द झाला. काही थांबवलं असेल तर ते इथे परत सुरू करायचं. यासाठी फॉर्मचं ‘विंड-प्रॉक’ (निरोप जिथे येतात ती पद्धत) ओव्हरराइड करावं, म्हणजे त्याजागी आपला कोड लिहावा लागतो, पहिल्या निरोपाचा क्रमांक हेक्स ११ आणि दुसऱ्याचा हेक्स १६. फॉर्म-क्लोजिंगमध्येही बंद होण्याचं कारण तपासा. ते ‘विंडोज-शटडाउन’ असेल तर वेगळी वाट, माणसाने फुली दाबली असेल तर वेगळी. आणि एक सोपी गोष्ट आजच करून टाका: पडद्यावरच्या वजनाला वय द्या. इंडिकेटरकडून २ सेकंद काही आलं नाही तर आकडा पुसून तिथे रेघा दाखवा. हे रीस्टार्टशी जोडलेलं नाही, पण काट्याच्या प्रोग्राममध्ये गोठलेला आकडा दिसणं याहून वाईट काही नाही.

मुदत कुठे मिळत नाही तेही माहीत असू द्या. निरोपासोबत येणाऱ्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये हेक्स ४००००००० ही खूण असेल तर सत्र सक्तीने संपत आहे. तुमची हरकत तिथे चालत नाही. प्रोग्रामला दिसणारी मुख्य खिडकीच नसेल, नुसता घड्याळाशेजारी आयकॉन असेल, तर नाही म्हटलं किंवा ५ सेकंदांत उत्तर दिलं नाही तरी विंडोज त्याला विचारणा न करता संपवतं. काट्याचा प्रोग्राम लपवून चालवू नका.

आणि डेस्कटॉपवर ठेवलेली ती छोटी बॅच फाइल तपासा. आपल्याकडे संगणक बसवून देणारी मुलं सोयीसाठी ‘रीस्टार्ट’ नावाचा शॉर्टकट करून देतात, त्यात शटडाउनची आज्ञा असते. तिच्यात ‘एफ’ लावलेला असेल तर प्रोग्राम सक्तीने बंद होतात. ‘एफ’ दिसत नसेल तरी निश्चिंत होऊ नका. ‘टी’पुढे शून्यापेक्षा मोठा आकडा असेल, समजा ३०, तर ‘एफ’ लावलाच आहे असं विंडोज धरतं. ३० सेकंदांची सूचना दिली म्हणजे सौम्य रीस्टार्ट, असं वाटतं. आहे ते उलट. तुमच्या जिनिंगवर मी आधी हीच फाइल बघितली असती. शॉर्टकट काढून टाका, स्टार्ट मेनूतूनच रीस्टार्ट करायला सांगा.

तिसरी जागा रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथली. चालू वापरकर्त्याच्या कंट्रोल पॅनेल, डेस्कटॉप या शाखेत तीन किमती असतात. हंग-ॲप-टाइमआउट मुळात ५००० मिलीसेकंद, वेट-टू-किल-ॲप-टाइमआउट मुळात २०,०००, आणि ऑटो-एंड-टास्क्स. संगणक ‘फास्ट’ करून देताना कुणी या शेवटच्या किमतीत १ टाकला असेल तर यादीचा पडदा न थांबता प्रोग्राम मारले जातात आणि तुमचं मराठी वाक्य कुणाला दिसत नाही. ते तपासा, १ असेल तर मालकाला विचारून काढा. पण उलट दिशेने, म्हणजे तुमच्या प्रोग्रामला वेळ मिळावा म्हणून हे आकडे वाढवायचा सल्ला मिळाला तर घेऊ नका. एक तर तो संगणक तुमचा नाही, आणि पुढच्या फॉरमॅटला ते आकडे पुन्हा मूळपदावर येतील.

अपडेटमुळे होणाऱ्या रीस्टार्टसाठी विंडोजमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ लावता येतात, जास्तीत जास्त १८ तास. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन वेचणी सुरू झाली की जिनिंग बहुतेक दिवसरात्र चालतं, त्यामुळे उरलेले ६ तास कोणते ते मालकाला विचारून ठरवा. बहुधा पहाटेचे.

आता त्या चार कामांकडे. पोर्टचं सांगितलं, ते सोडूनच द्या. तात्पुरत्या फाइली पुसणं हे जाताना करायचं काम नाहीच, सकाळी प्रोग्राम उघडला की पुसा. तेव्हा कुणाला घाई नसते आणि एखादी राहिली तरी कुणाचं अडत नाही. बॅकअपही तसाच. तो दिवसातून ठरल्या वेळी घ्या, किंवा दर ५० पावत्यांनंतर, मागच्या थ्रेडवर. आणि कधीही जुन्या फाइलीवर नवी लिहू नका. शेजारी वेगळ्या नावाने पूर्ण लिहा, ती डिस्कवर खरोखर उतरवा (डॉट-नेटमध्ये फाइल-स्ट्रीमच्या ‘फ्लश’ला ‘ट्रू’ द्यावं लागतं, नुसत्या फ्लशने मजकूर विंडोजच्या कॅशमध्येच राहू शकतो), आणि मग ‘फाइल-रिप्लेस’ने अदलाबदल करा. मधेच तुटलं तर अर्धी राहते ती नवी फाइल, जुनी शाबूत असते. तुमच्या दोन खराब बॅकअपवर मुदतीपेक्षा हा उपाय जास्त लागू पडेल.

सर्व्हरवर पाठवणं हे काम सगळ्यात आधी बंद होण्याच्या वाटेवरून काढा. दिवसभराच्या पावत्या साठवून रात्री एकदम पाठवायच्या, हे मुळात चुकीचं वेळापत्रक आहे. पावतीसोबतच ‘पाठवायच्या आहेत’ अशा नोंदींचा एक तक्ता ठेवा. पावती आणि ही नोंद एकाच व्यवहारात, म्हणजे एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये लिहायची. मागचा थ्रेड नेट मिळेल तसा एकेक उचलून पाठवतो आणि सर्व्हरने पोच दिली की खूण करतो. पोच यायच्या आत रीस्टार्ट झाला तर तीच पावती दुसऱ्यांदा जाईल, म्हणून प्रत्येक पावतीला न बदलणारा क्रमांक द्या आणि तो आधी आलेला असेल तर सर्व्हरने नुसती पोच द्यावी. असं केलं की बंद होताना या कामासाठी एक सेकंदही लागत नाही. जे राहिलं ते उद्या जाईल.

मालकाला प्रोग्राम बंद असतानाही पावत्या जायला हव्या असतील तर पाठवणारा भाग वेगळी विंडोज सर्व्हिस म्हणून लिहिता येतो. सर्व्हिसला रीस्टार्टआधी ‘प्री-शटडाउन’ नावाची सूचना मागून घेता येते. पूर्वी तिची मुदत मुळात ३ मिनिटं होती, विंडोज १० च्या १५०६३ या बिल्डपासून ती १० सेकंदांवर आली आहे. जुन्या लेखांत अजून ३ मिनिटंच लिहिलेली सापडतात. जास्त हवी तर सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये स्वतः मागावी लागते. एका काट्यासाठी एवढा खटाटोप मी करणार नाही.

उरतात त्या दोन गाड्या. तुम्ही लिहिलं नाही, पण मी अंदाज करतो. भरली गाडी आली, पहिलं वजन झालं, गाडी कापूस खाली करायला आत गेली. तासाभराने रिकामी होऊन परत आली की दुसरं वजन, मग वजाबाकी, मग पावती. मधल्या तासात पहिलं वजन कुठे असतं? तुमच्या प्रोग्राममध्ये ते पडद्यावरच्या यादीत, म्हणजे मेमरीत असावं, आणि पावती पूर्ण झाल्यावरच डेटाबेसमध्ये जात असावं. रीस्टार्टच्या वेळी दोन गाड्या आत होत्या, म्हणून दोनच गेल्या. तसं असेल तर कितीही मुदत मिळवा, ज्या रात्री लाइन जाईल त्या रात्री हेच पुन्हा घडेल. तेव्हा कापूस ढिगात मिसळलेला असतो, पुन्हा मोजता येत नाही, आणि ट्रॉलीवाला अंगावर घोंगडी घेऊन पावतीसाठी उभा असतो.

पहिलं वजन पक्कं झालं त्या क्षणी ते डिस्कवर गेलं पाहिजे, ‘अपूर्ण’ अशा खुणेसह. डेटाबेस एसक्यूलाइट असेल तर हे सोपं आहे. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवायची रीत) चालू ठेवा आणि ‘सिंक्रोनस’ची किंमत ‘फुल’ करा. ‘नॉर्मल’ ठेवली तर लाइन गेल्यावर डेटाबेस खराब होत नाही, पण शेवटचे काही व्यवहार हरवू शकतात, आणि आपल्याला नेमके शेवटचेच हवे असतात. फुल केल्यावर प्रत्येक नोंद जरा हळू होते, पण दोन गाड्यांमध्ये काही मिनिटं जात असताना त्याने कुणाचं बिघडत नाही. प्रोग्राम उघडला की आधी अपूर्ण नोंदी काढून यादीत दाखवा: गाडी क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, भरलेलं वजन, वेळ. काटेवाल्याला काही विचारू नका, तो ओळखून घेतो. छपाईलाही खूण हवी. पावती तयार झाली पण कागद बाहेर आला की नाही हे कळत नसेल तर सुरू होताना ‘ही पावती पुन्हा छापायची का’ असं विचारा आणि पुन्हा छापलेल्या प्रतीवर ‘दुसरी प्रत’ असं येऊ द्या, म्हणजे एकाच गाडीचे पैसे दोनदा निघणार नाहीत.

एवढं झाल्यावर मुदत मागायला काय उरतं ते बघा. फक्त पावती छापण्याचे काही सेकंद. तेवढ्यासाठी ते कारण नोंदवणं अगदी योग्य आहे, आणि काटेवाला खुशीने थांबतो.

तपासणी जिनिंगवर करू नका. घरी एखादा जुना संगणक घ्या. निरोपांसाठी दर वेळी रीस्टार्ट करायची गरज नाही, ‘साइन आउट’ केलं तरी तेच दोन निरोप येतात, फक्त लॉगऑफची वेगळी खूण सोबत असते. प्रत्येक निरोपाची वेळ मिलीसेकंदांसह एका लॉगमध्ये लिहा आणि प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर उतरवा, नाहीतर शेवटच्या ओळीच गायब होतील आणि तुम्ही भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसाल. शेजारी जतन न केलेली फाइल उघडी ठेवून रीस्टार्ट दाबा आणि रद्द करा, मग वजन हलतं आहे का ते पाहा. इंडिकेटर नसेल तर दुसऱ्या संगणकावरून सिरियल केबलने आकडे पाठवत राहा, पोर्ट रिकामा ठेवून तपासू नका.

शेवटी पहिलं वजन नोंदवा, यूपीएस काढून ठेवा आणि भिंतीतली पिन उपटा. पुन्हा चालू करा, यादी बघा. पावती छापताना उपटा, बॅकअप चालू असताना उपटा. दहा वेळा करून दहाही वेळा ती भरली गाडी यादीत दिसली, की पेनड्राइव्ह घेऊन घाटंजीला जा.